सकाळी आठचं खाणं

बाईंशी भांडण उकरून काढणं सोपं होतं. ते मिटवणं मात्र आजवर कुणाला जमलं नव्हतं. संशोधन संस्थेच्या भांडारपालाशी त्या नऊ वर्षं बोलत नव्हत्या. त्याने एकदा चुकीच्या मापाचे हातमोजे मागवले, आणि वर तोंड करून म्हणाला की रबर आहे, ताणलं जातं. कार्यालयातल्या लिपिकाशी सहा वर्षं. सख्ख्या धाकट्या बहिणीशी किती, ते त्यांनी मोजणंच सोडून दिलं होतं. बहीण म्हणायची, “ताईच्या मनात एकदा माणूस मेला की त्याचं तेरावंसुद्धा ती घालत नाही.”

एकोणिसाव्या वर्षी त्या या संस्थेत बाटल्या धुवायला लागल्या. अकरा वर्षं धुण्याघरात काढली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या पेशींच्या खोलीतला तंत्रज्ञ जिन्यावरून पडला, त्याच्या मांडीचं हाड मोडलं, आणि चार महिने पेशींना खाणं घालायला कुणीच नव्हतं. बाईंनी बाटल्या पोचवता पोचवता त्याचं काम दारातून पाहिलेलं होतं. “मी करते,” म्हणाल्या, आणि केलं. तो परत आला तेव्हा पेशी त्याच्या वेळेपेक्षा तरारलेल्या होत्या. त्याने निमूटपणे दुसरीकडे बदली मागून घेतली. त्यालाही आता बावीस वर्षं झाली होती.

खोली लहान होती. दोन दारं, एक काचेच्या पडद्याचं कपाट ज्यात हात घालून काम करायचं, आणि दोन उबदार पेट्या. पेट्यांच्या कप्प्यांत चपट्या डिश रचलेल्या, डिशमध्ये गुलाबी पाण्याखाली जिवंत पेशींचा पातळ थर. साखर, क्षार आणि रक्तातलं सीरम घातलेल्या त्या गुलाबी पाण्याला सगळे खाणंच म्हणायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठला जुनं खाणं काढायचं, ताजं घालायचं. आठ म्हणजे आठ. बाईंच्या मागे सगळे त्यांना ‘घड्याळबाई’ म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं. समोर म्हणायची छाती कुणाची नव्हती.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, हृदयाच्या पेशींवर काम करायचे. दोन शेजारी पेशी एकमेकींना चिकटतात तिथे भिंतीत अतिशय बारीक नळ्या असतात, त्यांना गॅप जंक्शन म्हणतात. कनेक्झिन नावाच्या प्रथिनाची अर्धी नळी ही पेशी देते, अर्धी ती, आणि त्यातून इकडचं तिकडे जातं. म्हणून तर सगळं हृदय एका ठेक्यात आवळतं. हे सरांनी बाईंना फार वर्षांपूर्वी हातमोज्यांच्या खोक्यावर चित्र काढून सांगितलं होतं. बाईंना नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. हृदय सत्तर-ऐंशी वर्षं चालतं, पण त्यातली ही नळी सकाळी बांधली तर दुपारच्या जेवणापर्यंत टिकेलच असं नाही. पेशी कनेक्झिनच्या शेपटीवर फॉस्फेटचा शिक्का मारते, मग तो सगळा तुकडाच आत ओढून घेते, आणि ओढताना शेजारणीचा अर्धा भागही गिळते. आत नेऊन त्याचा चुरा करते. तोवर कडेने नव्या नळ्या येतच असतात.

“शेजारणीचाही गिळते?” बाईंनी विचारलं होतं.

“तिचाही,” सर म्हणाले.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या होत्या, आणि कामाला लागल्या होत्या.

नळी किती तास टिकावी हे पेशी कसं ठरवते, हा सरांचा आयुष्यभराचा प्रश्न. आजारी हृदयात हे गणित बिघडतं, नळ्या भलत्याच वेगाने गिळल्या जातात. ते थांबवता आलं तर, असं ते दर दोन वर्षांनी अनुदानाच्या अर्जात लिहीत.

मग जावई आला. तो काही सरांचा खरा जावई नव्हता, त्यांना मुलगीच नव्हती. मोठ्या नावाजलेल्या प्रयोगशाळेतून आलेला हा तरुण संशोधक. सरांनी त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं, नवा संगणक दिला, दर बैठकीत ‘याचं मत काय?’ असं विचारू लागले. तेव्हा बाईंनी त्याचं बारसं केलं: जावई. नाव असं चिकटलं की पुढे सफाईवालासुद्धा ‘जावयांचं टेबल’ म्हणायचा.

पहिल्याच महिन्यात वाजलं. जावयाच्या पेशींत बुरशी शिरली. करड्या ठिपक्यांनी अठरा डिश भरून गेल्या. बाईंनी त्याला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं की खाण्याची बाटली कोमट पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवून ठेवू नका, टबाच्या पाण्यावर साय धरली आहे. त्याने मान डोलावली आणि बाटली तशीच ठेवली. बुरशी आली तेव्हा मात्र भर बैठकीत, आठ माणसांसमोर, तो सरांकडे बघून म्हणाला की तिसऱ्या मजल्यावरची खोली एखाद्या खानावळीच्या मोरीसारखी चालवली जाते. बाई तेव्हा दाराशीच उभ्या होत्या, हातात डिशचा ट्रे घेऊन. सर खाली बघत राहिले. बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला आणि निघून गेल्या. सर काहीच बोलले नाहीत, हे त्यांना जावयाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उजव्या पेटीच्या वरच्या कप्प्यावर छापील कागद चिकटलेला होता: ‘या कप्प्याला हात लावू नये.’ जावई आपल्या पेशी आता स्वतः सांभाळणार होता. त्याने कनेक्झिनमध्ये बदल करून नव्या पेशी बनवल्या होत्या. जिथे शिक्का बसतो ती जागाच बदललेली. शिक्का बसला नाही तर नळी आत ओढली जाणार नाही, जास्त टिकेल, असं त्याचं म्हणणं. तुलनेला लागणाऱ्या मूळ पेशी मात्र बाईंच्याच हाताखाली राहिल्या.

बाईंनी कागद वाचला, आणि त्या दिवसापासून त्या कप्प्याकडे मानही वळवली नाही. पण डोळे तर होते. खोलीच्या दाराशी एक वही टांगलेली असे. आत जाणाऱ्याने वेळ आणि काम लिहायचं असा बाईंचाच नियम. मार्च महिन्यात वहीची पानं चाळताना त्यांच्या लक्षात आलं. जावई आपल्या पेशींना मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला खाणं घालतो. त्याचे प्रयोग बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला सुरू होतात. आणि त्याच दिवशी मूळ पेशींना बाईंनी आठला खाणं घातलेलं असतं.

बाईंनी पुस्तकं फारशी वाचलेली नव्हती, पण पेशी वाचता येत होत्या. ताजं खाणं मिळाल्यावर तासभर त्या कशा हालतात, कडा कशा सुटतात, त्यांनी हजारो वेळा पाहिलं होतं. पंधरा तास स्वस्थ बसलेल्या पेशी आणि तासाभरापूर्वी खाल्लेल्या पेशी शेजारी ठेवून काय मोजणार हा माणूस? त्यांनी वही परत खिळ्याला लावली. विचारलं होतं का त्याने आपल्याला? नाही. मग घाल म्हणावं गोंधळ.

जावयाचे आकडे झकास येत गेले. मूळ पेशींत नळी दीड तासात निम्मी होते, बदललेल्या पेशींत पाच तास लागतात. सर खूश. एप्रिलमध्ये शोधनिबंध लिहायला घेतला. मे महिन्यात चष्मेवालीनेही त्याच पेशींवर काम सुरू केलं. ही दोन मुलांची आई, तीन वर्षांच्या पाठ्यवृत्तीवर आलेली, डिसेंबरात मुदत संपणारी. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून चष्मेवाली. सगळ्या संस्थेत बाईंचं जिच्याशी कधी वाजलं नाही अशी ती एकटी. ती खोलीत आली की आधी विचारायची, “बाई, आत्ता येऊ का?” बाईंना एवढं पुरे होतं. तीही जावयाच्या पद्धतीनेच, त्याने दिलेल्या डिश वापरून प्रयोग करत होती. बाईंनी ते पाहिलं. एकदा तोंडाशी आलं, पण जावई मागेच उभा होता. मग राहिलं ते राहिलंच.

ऑक्टोबरात दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. त्यांनी जावयाकडून दोन्ही पेशी मागवून तोच प्रयोग केला होता, आणि त्यांना जवळपास काहीच फरक दिसला नव्हता. बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळ्या मजल्यांवर फिरली. बाईंच्या अंगात एकदम हुरूप आला. संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, खाण्याच्या वेळांसकट, हसत हसत.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कमी बोलायचा. त्याने घास संपवला आणि म्हणाला की एका लिफ्टमध्ये माणसं भरायची, दुसरी रिकामी चालवायची, आणि मग कुठली दोरी टिकाऊ ते सांगायचं, असं झालं की हे.

“अगदी तेच,” बाई म्हणाल्या.

“आणि तुला मार्चपासून ठाऊक होतं?”

“होतं.”

“लिफ्टचं असं मला ठाऊक असतं आणि मी गप्प बसलो असतो, तर मला तुरुंगात टाकलं असतं.”

बाई म्हणाल्या की पेशींच्या डिशमध्ये कुणी पडून मरत नाही. तो उठून हात धुवायला गेला. बाईंनी त्या रात्री त्याच्याशी बोलणं टाकलं, पण हे भांडण नेहमीसारखं अंगी लागेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सरांच्या खोलीत बोलावणं आलं. लांब टेबलाभोवती सगळे बसलेले. जावई उभाच होता. मूळ पेशी बाईंकडून येतात, तो म्हणत होता, आणि पाठवताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. त्या खोलीत काय चालतं याचा काही भरवसा नाही. त्याने बाईंकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याने अदलाबदलीचा आळ घेतला नसता तर बाई बोलल्या असत्या की नाही, हे त्यांना पुढेही कधी नक्की सांगता आलं नाही. त्या परत वर गेल्या, खिळ्यावरची वही घेऊन आल्या आणि टेबलावर सरांसमोर उघडून ठेवली. मूळ पेशींना आठला खाणं, तारखेनुसार. बदललेल्यांना आदल्या संध्याकाळी सहाला, हे यांच्याच अक्षरात. प्रयोग नऊला.

सरांना सगळ्यांत आधी कळलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. ताज्या खाण्यातल्या सीरममध्ये वाढीचे संदेश असतात, ते सावकाश, जणू स्वतःलाच सांगत म्हणाले. ते पोचले की पेशी अर्ध्या तासात शिक्के मारायला लागते आणि नळ्या आत ओढते. म्हणजे मूळ पेशींना आपण स्वतःच नळ्या मोडायला लावलं, आणि तुझ्या पेशी स्वस्थ बसून होत्या. तू मोजलास तो नुसता तुझा बदल नाही. त्यात न्याहारीही मिसळलेली आहे.

कुणीतरी हसू दाबलं. जावयाचा चेहरा पांढरा पडला. मग तो बाईंकडे वळला.

“तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?”

“मार्चपासून.”

“आणि सांगितलं नाहीत.”

“तुम्ही हात लावू नका म्हणालात. मी तोंडही उघडलं नाही.”

हे वाक्य बाईंनी मनात कितीदा तरी घोळवलेलं होतं. बोलल्यावर जसं वाटेल असं वाटलं होतं तसं वाटलं, पण अगदी क्षणभर. कारण टेबलाच्या टोकाला चष्मेवालीने आपली वही मिटली होती आणि ती बाईंकडे बघत होती. सहा महिन्यांचं काम त्या मिटलेल्या वहीत होतं. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेली.

सरांनी दोघांनाही फाडून खाल्लं. जावयाला म्हणाले की प्रयोगाची पद्धत लिहिताना पेशी कधी जेवल्या हे ज्याला लिहावंसं वाटत नाही त्याने दगडांवर संशोधन करावं. बाईंना म्हणाले की बावीस वर्षांत आज पहिल्यांदा त्यांना धुण्याघरात परत पाठवावंसं वाटतंय. मग हुकूम सुटला: प्रयोग पहिल्यापासून. दोघांनी मिळून, एकाच बाटलीतून, एकाच मिनिटाला, दोन्ही पेशींना खाणं घालायचं. बाई डिशवर नुसते आकडे टाकतील, जावई मोजेल, आणि कुठला आकडा कशाचा हे मोजणी संपेपर्यंत त्याला कळता कामा नये.

तीन महिने ते दोघं त्या काचेच्या कपाटासमोर कोपराला कोपर लावून बसले. जरुरीपुरतं बोलत: झाकण, बाटली, थांबा. बाई आकडे बदलून आपल्याला गोत्यात आणतील अशी जावयाला खात्री होती. जावई चोरून यादी बघेल अशी बाईंना. शेवटी आकड्यांची यादी पाकिटात घालून, पाकिटावर दोघांच्या सह्या करून, ते भांडारपालाच्या कुलपातल्या कपाटात ठेवायचं ठरलं. त्यासाठी बाईंना नऊ वर्षांनी भांडारपालाच्या खोलीत पाऊल टाकावं लागलं. त्यांनी पाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं, त्याने उचललं. बोलले दोघंही नाहीत.

एकदा जावई, मोजणीच्या कागदावरून मान न वर करता, म्हणाला की त्या बुरशीचं कारण टबच होता, त्याने नंतर तपासलं होतं. बाईंनी विचारलं की हे तो बैठकीत केव्हा सांगणार आहे. तो म्हणाला, “नाही सांगणार.” बाईंना त्याचा इतका संताप आला की पुढचे चार दिवस त्यांनी ‘झाकण’सुद्धा म्हटलं नाही, बोटाने दाखवलं.

डिसेंबरात चष्मेवालीची मुदत संपली. वाढवून मिळावी म्हणून सरांनी पत्र दिलं होतं, पण दाखवायला निष्कर्षच नव्हता. ती टेबल आवरत होती तेव्हा बाई दुसऱ्या मजल्यावर गेल्या. माफी मागायची सवय नव्हती. आयुष्यात कुणाची मागितलेली आठवत नव्हती. त्या पुस्तकांच्या खोक्याशी उभ्या राहिल्या.

“माझं भांडण त्याच्याशी होतं,” त्या म्हणाल्या.

चष्मेवाली खोक्याला चिकटपट्टी लावत होती. “हो. पण डिश माझ्याही होत्या.”

“तुला वेगळं सांगायला हवं होतं.”

“मी दर वेळी दारात विचारत होते, बाई. येऊ का म्हणून. तुम्ही ये म्हणत होतात.”

बाईंनी खोकं उचलायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, राहू दे, हलकं आहे. ते हलकं नव्हतं. ती ते छातीशी धरून जिना उतरून गेली.

फेब्रुवारीत पाकीट फोडलं. दोन्ही पेशी उपाशी असताना काहीच फरक नव्हता. नळी निम्मी व्हायला दोन्हीकडे पाच तासांच्या आसपास. दोघींना ताजं खाणं दिलं तर मूळ पेशींत ती दोन तासांच्या आत निम्मी होत होती आणि बदललेल्यांत जेमतेम पाऊण तास जास्त टिकत होती. म्हणजे शिक्क्याची ती जागा खरीच महत्त्वाची होती, पण बाहेरून संदेश येतो तेव्हाच. आणि तिथेही पेशीकडे नळी मोडायच्या आणखी वाटा होत्या. पाच तासांचा चमत्कार गेला, हातात एक लहानसं खरं राहिलं. सर म्हणाले, लहान असलं तरी उभं राहील. मोठ्या नियतकालिकाने परत पाठवलेला निबंध सहा महिन्यांनी एका साध्या नियतकालिकाने घेतला.

छापायला जाण्याआधी लेखकांची यादी सहीसाठी फिरली. तिसरं नाव चष्मेवालीचं, पाचवं बाईंचं. बाई कागद घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या की आपलं नाव काढा, आपल्याला तुमच्या ओळीत बसायचं नाही.

“माझ्या मर्जीने नाही घातलेलं,” जावई म्हणाला. “उद्या कुणी खाण्याच्या वेळांवर शंका काढली तर उत्तर द्यायला तुम्ही हव्यात.”

“आणि तिचं?”

“तिचं तिने केलेल्या कामाचं आहे. तिला पत्र पाठवलंय.”

बाई कागद घरी घेऊन गेल्या. तीन संध्याकाळी, शब्दकोश जवळ घेऊन, सगळा निबंध वाचला. पद्धतीच्या भागात एके ठिकाणी आठच्या जागी साडेआठ पडलं होतं. ते तांबड्या शाईने खोडलं, मग सही केली. नवऱ्याने विचारलं की इतकी वर्षं काम करून नाव आलं, तर तोंड असं का. त्या म्हणाल्या की नाव आलंय, पण जिच्याशी कधी भांडले नव्हते तिच्याशीही आता बोलणं राहिलेलं नाही.

जावई आणखी चार वर्षं त्या संस्थेत होता. दोघं रोज एका जिन्याने चढायचे आणि कामापुरत्या चिठ्ठ्या लिहायचे. मग त्याला दुसऱ्या शहरात स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. तिथून त्याने सरांना लिहिलं की बाईंना दोन आठवडे पाठवा, इथल्या लोकांना पेशी सांभाळता येत नाहीत. येण्याजाण्याची, राहण्याची सगळी सोय करतो. सरांनी पत्र वाचून दाखवलं. बाई नाही म्हणाल्या. सरांनी कारण विचारलं.

“मला तो माणूस आवडत नाही,” बाई म्हणाल्या.

चष्मेवालीला मात्र त्यांनी पत्र लिहिलं, निबंधाची छापील प्रत घालून. ती आता एका शाळेत शिकवते असं ऐकलं होतं. शाळेचा पत्ता लिपिकाकडून मिळवला, आणि त्यासाठी त्याच्याशी बोलल्या. पत्रात चारच ओळी होत्या. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी प्रत न घालता.